यंत्राची वाणी आणि माणसाची साक्ष

शास्त्रपाठ : योहानाचे पहिले पत्र, अध्याय १, वचने १ ते ४



जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्त या शहरी, संत पौलाच्या उपासनामंदिरात एक अभूतपूर्व उपासना झाली. न्युरेंबर्ग येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या महामेळाव्याचाच तो एक भाग होता. तासभर आधीपासून दाराशी रांग लागली होती आणि तीनशेहून अधिक माणसे आत येऊन बसली. वेदीच्या वर एक पडदा होता. त्या पडद्यावर एकामागून एक चार मानवी आकृत्या प्रकट झाल्या आणि सुमारे चाळीस मिनिटे त्यांनी प्रार्थना, उपदेश व आशीर्वचन केले. बोलणाऱ्यांत जिवंत माणूस एकही नव्हता. त्यांच्या तोंडचे जवळजवळ सर्व शब्द 'चॅटजीपीटी' या संगणकीय प्रणालीने रचले होते. गतकाळ मागे टाकावा, मरणाचे भय बाळगू नये, ख्रिस्तावरील विश्वास ढळू देऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय होता. यात चूक ती काय? आपले पाळकही हेच सांगतात.

तरीही त्या निर्विकार चेहऱ्यावरून आलेली काही वाक्ये ऐकून लोक हसले, असे त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. मला त्या हसण्यापेक्षा दुसरी एक गोष्ट विचारात पाडते. मरणाला भिऊ नका, असे त्या दिवशी जे बोलले त्याला स्वतःला कधीही मरावयाचे नव्हते. त्याने कोणाला मातीत ठेवले नव्हते, कोणाच्या उशाशी रात्र जागवली नव्हती. शब्द खरे होते. पण ते होते कोणाचे?

या एका प्रश्नाजवळ मी आज आपल्याला थांबविणार आहे. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाली, तेव्हापासून हा प्रश्न परदेशापुरता उरलेला नाही. तो आपल्या घरी मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर आला आहे, आणि (पाळकवर्गाने राग मानू नये) शनिवारी रात्री उपदेशकाच्या खोलीतही येऊन बसला आहे.

प्रथम मात्र उपकारस्तुती. विज्ञानाने नवे काही साधले की विश्वासणाऱ्याने भुवया चढवाव्यात, अशी आपल्यापैकी काहींची समजूत असते. पवित्र शास्त्र तसे शिकवीत नाही. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराविषयी देव मोशेशी बोलतो. सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड यांवरील कसबासाठी त्याने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले आहे. देवाच्या आत्म्याने भरलेला असे नाव घेऊन ज्याच्याविषयी प्रथम म्हटले गेले, तो संदेष्टा नव्हता, याजकही नव्हता. तो हातात हत्यार घेणारा कारागीर होता.

या दृष्टीने २०२४ च्या नोबेल पारितोषिकांकडे पाहावे. रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचा अर्धा भाग डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट रीतीने दुमडली की तिला आकार येतो, आणि त्या आकारावर तिचे शरीरातील कार्य अवलंबून असते. एकेका प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेत शोधण्यास पूर्वी महिने, कधी वर्षे लागत. या दोघांच्या 'अल्फाफोल्ड' प्रणालीने २०२० मध्ये हे अर्ध्या शतकाचे कोडे बहुतांशी उलगडले, आणि २०२२ मध्ये सुमारे वीस कोटी प्रथिनांचे अंदाजित आकार संशोधकांपुढे विनामूल्य ठेवण्यात आले. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू समजून घेण्यास त्याचा उपयोग होत आहे. आईच्या उदरात आपण विणले गेलो, असे स्तोत्रकर्ता एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात कबूल करतो. त्या विणकामाचे धागे आता माणसाला दिसू लागले असतील, तर विश्वासणाऱ्याने देवाचे आभारच मानावेत.

त्याच वर्षी पदार्थविज्ञानाचे पारितोषिक जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना, यंत्राला शिकते करणाऱ्या मूलभूत संशोधनासाठी मिळाले. यांपैकी हिंटन यांनी मे २०२३ मध्ये गूगलमधील काम सोडले होते, ते या तंत्राच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. ज्याच्या हातांनी रोप वाढले तोच त्याच्या फळांविषयी सावध करीत असेल, तर आपण निदान कान द्यावेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे यंत्र बोलते कसे? त्याला मानवी लिखाणाचे अफाट भांडार वाचावयास दिलेले असते. त्या वाचनातून, अमुक शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे सूक्ष्म गणित ते शिकते आणि त्या गणिताने वाक्ये गुंफीत जाते. जुन्या मराठीत अशा ज्ञात्याला बहुश्रुत म्हणत. यंत्र निःसंशय बहुश्रुत आहे. पण आपल्या भाषेत 'साक्षी' असा दुसरा एक शब्द आहे. संस्कृतातील त्याची घडण पाहिली तर साक्षी म्हणजे डोळ्यांसहित असलेला, ज्याने स्वतः पाहिले तो. पुष्कळ ऐकलेला आणि स्वतः पाहिलेला, या दोहोंतील अंतर कितीही वाचनाने भरून निघत नाही.

इस्राएलच्या नियमशास्त्रात साक्षीला केवढे वजन आहे हे 'अनुवाद' या ग्रंथात दिसते. (आम्हा भाषांतर करणाऱ्यांना या ग्रंथाचे मराठी नाव मोठे जिव्हाळ्याचे वाटते.) सतराव्या अध्यायाप्रमाणे देहान्ताच्या शिक्षेत पहिला हात साक्षीदारांचा पडला पाहिजे. एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यावर जे आणू पाहिले तेच त्याच्यावर आणावयाचे. म्हणजे साक्षीदाराला बोलून मोकळे होता येत नसे. आपल्या शब्दाचा धोंडा त्याला स्वतःच्या हाताने उचलावा लागे. पहिला धोंडा कोणी टाकावा, असे प्रभूने शास्त्र्यांना व परूश्यांना ऐकविले, तेव्हा त्यांना हाच नियम आठवला असणार. नव्या करारात साक्षीदारासाठी 'मार्तुस' हा ग्रीक शब्द आहे. मंडळीच्या इतिहासात पुढे तोच रक्तसाक्षींसाठी रूढ झाला.

आता २०२३ मधील न्यूयॉर्कचे एक प्रकरण पाहा. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी न्यायालयापुढे जे जुने निवाडे मांडले, त्यांपैकी काही निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. ते यंत्राने रचले होते. हे निवाडे खरे आहेत ना, असे वकिलाने यंत्रालाच विचारले असता त्याने होय म्हटले होते. न्यायालयाने पाच हजार डॉलरांचा दंड केला. तो यंत्राला करता येत नव्हता. तो वकिलांना व त्यांच्या पेढीला झाला. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा (आपल्यापैकी कोणी ती नववी मोजतात, कोणी आठवी) यंत्र मोडू शकत नाही, कारण ते साक्षच देत नाही. ती मोडतो आपण, त्याचे शब्द न तपासता आपल्या सहीने पुढे करतो तेव्हा.

आणि डोळेही फसू लागले आहेत. हाँगकाँगमधील एका कर्मचाऱ्याने पडद्यावरच्या बैठकीत आपले वरिष्ठ व सहकारी पाहिले, त्यांचे आवाज ऐकले आणि सांगितलेली रक्कम पाठविली, सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर. २०२४ च्या आरंभी हे जगाला कळले. बैठकीतील बाकी सर्व चेहरे बनावट होते. प्रेषित योहान आपल्या पत्राच्या आरंभी ऐकणे आणि पाहणे यांवर थांबत नाही, तो हातांपर्यंत येतो. जीवनाच्या शब्दाला आम्ही चाचपून पाहिले, असे तो लिहितो. पूर्वी मला हा आवेशाचा विस्तार वाटे. हल्ली ते वचन वाचताना मी त्या हातांजवळ रेंगाळतो.

माझे आयुष्य भाषांतराच्या मेजाजवळ गेले, म्हणून तेथील दोन गोष्टी सांगतो. मार्काच्या चौथ्या अध्यायात वादळ होते, तारू पाण्याने भरू लागते आणि प्रभू उशाशी डोके टेकून निजलेला असतो. शिष्य त्याला उठवितात व आपला नाश होत असल्याचे ओरडून सांगतात. ग्रीक क्रियापद एवढेच कळविते की नाश होणारे अनेक आहेत आणि बोलणारे त्यांत आहेत. मराठीला तेवढे पुरत नाही. ऐकणाऱ्याला वगळावयाचे तर आपण 'आम्ही' म्हणतो, त्याला धरून बोलावयाचे तर 'आपण'. बडोद्याच्या वाचकांना गुजरातीत आणि हैदराबादच्या वाचकांना तेलुगूत हाच भेद भेटत असेल. मग शिष्य काय म्हणाले? 'आम्ही' लिहिले तर बुडणारे ते आणि न बुडणारा तो, असा अर्थ होतो. त्यात तक्रारही आहे आणि नकळत विश्वासही. 'आपण' लिहिले तर त्याला त्यांनी आपल्यासारखाच, त्याच तारवातला, त्याच पाण्यात जाणारा मानले. मूळ ग्रंथ यावर मौन बाळगतो. भाषांतरकाराला मात्र बोलावेच लागते. यंत्राला विचारा. ते क्षणार्धात एक रूप देईल, पुन्हा विचारले तर कदाचित दुसरे देईल, आणि दोन्ही वेळी आवाजात सारखाच ठामपणा असेल. आम्ही मात्र त्या एका शब्दासाठी दिवस घालवितो, गुडघे टेकतो, सहकाऱ्यांशी भांडतो. मसुदा मंडळीत मोठ्याने वाचला जातो, आणि अक्षरओळख नसलेली एखादी आजी असे काही विचारते की सारी पाने पुन्हा उघडावी लागतात.

दुसरा शब्द कळवळ्याचा. प्रभूला लोकसमुदायाचा कळवळा आला, या ठिकाणी जे ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांच्या नावावरून बनले आहे. शुभवर्तमानांत ते येशूविषयी, किंवा त्याच्या दाखल्यांतील शोमरोनी, उधळ्या पुत्राचा बाप आणि ऋण सोडणारा धनी यांच्याविषयीच येते. मराठीला हे परके नाही. आपली आतडी तुटतात, आपल्याकडे आतड्याची माया असते. यंत्रही येथे 'कळवळा' हाच शब्द देईल आणि तो अचूक असेल. कारण तो शब्द पूर्वी कोणीतरी पोटात तुटून लिहिला आणि यंत्राने तो वाचला. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी वेचली. १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावच्या निराधार स्त्रियांच्या सहवासात ज्यांचे दिवस गेले, त्यांना दया या शब्दाची किंमत कोशात पाहावी लागत नव्हती.

आज जगभर बायबल भाषांतराचा पहिला मसुदा यंत्राकडून करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्या भाषांत अद्याप एकही शुभवर्तमान नाही त्यांना त्यामुळे ते लवकर मिळणार असेल तर मी त्यांना विरोध करणार नाही. मसुद्याखाली सही कोणाची, एवढेच विचारीन.

या यंत्राला सभ्य बोलणे शिकविण्यासाठी जे राबले त्यांची नावे मात्र कोठेच नसतात. केनियातील नैरोबी येथे माणसे दिवसभर अत्याचाराची व हिंसेची अतिशय किळसवाणी वर्णने वाचून त्यांवर खुणा करीत होती. असा मजकूर यंत्राने ओळखावा, हा हेतू. त्यांना ताशी दोन डॉलरांहूनही कमी वेतन हाती पडे, असे जानेवारी २०२३ मध्ये उजेडात आले. त्यांपैकी काहींच्या मनावर त्या वाचनाचे घाव झाले. शेताची कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेल्याचे याकोब पाचव्या अध्यायात लिहितो. त्या शेताच्या बांधावर आज आपणही उभे आहोत, कारण त्यातले पीक आपण फुकट खातो.

शेवटी लुझर्नची हकीकत. स्वित्झर्लंडमधील या शहरी, संत पेत्राच्या छोट्या मंदिरात २०२४ मध्ये दोन महिने पापनिवेदनाच्या कक्षात जाळीमागे एक पडदा बसविला होता. त्यावर येशूची प्रतिमा दिसे आणि यंत्र सुमारे शंभर भाषांत उत्तरे देई. हा पापनिवेदनाचा संस्कार नव्हे, असे व्यवस्थापकांनी स्पष्ट केले होते. तरी सुमारे नऊशे संभाषणे झाली. कोणी कुतूहलाने आले असतील. पण प्रेम, मरणानंतरचे जीवन, युद्ध, दुःख आणि एकटेपणा यांविषयी लोकांनी विचारले. प्रिय वाचकहो, त्या यंत्रावर टीका करणे सोपे आहे. एकटेपणाविषयी पडद्याशी बोलणारा माणूस त्याआधी कोणाकोणाच्या दाराशी जाऊन परतला असेल, हे मला छळते. यंत्र रात्री दोन वाजताही जागे असते, घड्याळाकडे पाहत नाही, मध्येच आपली हकीकत सुरू करीत नाही. आपल्यापैकी किती जणांविषयी असे म्हणता येईल?

म्हणून उपदेशकांना व वडीलजनांना माझी विनंती आहे. संदर्भ शोधण्यास यंत्र वापरा. कोश आपण वापरतोच. त्याने दिलेले प्रत्येक वचन शास्त्र उघडून पडताळा. आणि जे वाक्य स्वतः भोगून, पाहून, पारखून म्हणता येत नाही ते रविवारी मंडळीपुढे वाचू नका, मग ते कितीही सुंदर असो. त्यापेक्षा तुमचे अडखळते वाक्य बरे.

मंडळीच्या यादीत एक नाव असेलच, ज्याच्या घरी गेल्या नाताळापासून कोणी गेलेले नाही. यंत्राने तुमच्या तयारीतले दोन तास वाचविले असतील तर ते दोन तास घेऊन शनिवारी संध्याकाळी त्या घरी जा. बायबल बरोबर असू द्या. पण आधी त्या माणसाला बोलू द्या.