अन्यायाचा राग आणि तिसऱ्याचा हक्क

वाचकहो, लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव बंद पडल्याची बातमी आपल्याला नवी नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि लासलगावसह जिल्ह्यातील लिलाव थांबले. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून तर निर्यातच बंद झाली. वर्षभराच्या घामाचे मोल एका आदेशाने उतरताना पाहून शेतकऱ्याला संताप येणे स्वाभाविक आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याने आपले गाऱ्हाणे उघडपणे मांडावे, ही मुभा पवित्र कुरआननेच दिली आहे (४:१४८). म्हणून संतापाविषयी येथे वाद नाही. प्रश्न आहे तो संतापाच्या भरात उगारलेल्या हाताचा.

१ जून २०१७ रोजी सुरू झालेला शेतकरी संप आठवा. पुणतांब्याहून हाक निघाली आणि नाशिक जिल्हा पेटून उठला. कर्जमाफीची आणि रास्त भावाची मागणी न्याय्य होती. परंतु येवला तालुक्यात मालट्रक अडवून त्यांतील माल लुटला गेला. ठिकठिकाणी दुधाचे टँकर रस्त्यावर रिते करण्यात आले. ज्याने स्वतःच्या गोठ्यातले दूध ओतले, त्याने आपलेच नुकसान सोसले. पण ज्याचा माल लुटला गेला, त्याने ना कर्ज लादले होते, ना भाव पाडले होते.

अशा वेळी समाजात दोन निवाडे ऐकू येतात. एक म्हणतो, हे गुंड आहेत, यांना शिक्षा करा. दुसरा म्हणतो, सरकारनेच त्यांना भाग पाडले, दोष सरकारचा. दोन्ही निवाडे सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात माननीय उमर (रजि.) यांचा एक निकाल नोंदलेला आहे. हातिब यांच्या गुलामांनी मुजैना कबिल्यातील एका माणसाची उंटीण चोरून कापली. आरंभी उमर (रजि.) यांनी हात कापण्याचा हुकूम दिला. मग त्यांच्या ध्यानात आले की मालक या लोकांना उपाशी ठेवतो. तेव्हा त्यांनी मालकालाच दंड केला. उंटिणीची किंमत ४०० दिरहम होती, तर ८०० दिरहम भरण्याचा आदेश दिला.

या निकालात तीन माणसांचे तीन हिशेब वेगवेगळे ठेवले आहेत, हे लक्षात घ्यावे. भुकेल्याची शिक्षा टळली. उपाशी ठेवणाऱ्यावर बोजा पडला. आणि ज्याची उंटीण गेली त्याची भरपाई झाली. उंटिणीच्या मालकाला कोणी असे म्हटले नाही की, ते भुकेले होते, आता तू गप्प बस. इस्लामी धर्मशास्त्राचा एक प्रसिद्ध नियमही हेच सांगतो की निकड कितीही असली तरी तिच्यामुळे दुसऱ्याचा हक्क नाहीसा होत नाही. त्यातही उंटिणीने निदान उपाशी पोटे भरली होती. रस्त्यावर सांडलेल्या परक्याच्या दुधाने कोणाची भूक भागली?

फिरऔनपेक्षा जुलमी सत्ता कोणती? तरीही आपल्या माणसाचा कैवार घेताना प्रेषित मूसा (अलै.) यांच्या हातून त्या सत्तेच्या जमातीतील एक मनुष्य मेला, तेव्हा त्यांनी फिरऔनच्या अत्याचाराची ढाल पुढे केली नाही. हे सैतानाचे काम होय, असे म्हणून त्यांनी अल्लाहकडे क्षमा मागितली (२८:१५-१६).

यावर कोणी म्हणेल, दंगा केल्याशिवाय सरकारला ऐकू येत नाही. २४ जून २०१७ रोजी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली ती संपामुळेच. संपामुळे झाली हे खरे मानू. पण संपाचे बळ शेतकऱ्यांच्या एकजुटीत होते की लुटलेल्या ट्रकमध्ये? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईपर्यंत पायी गेले. दहावीच्या परीक्षार्थींना अडचण होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. आणि समजा, दंग्याने काम फत्ते होतही असेल. तरी जे यशस्वी होते ते सर्वच न्याय्य ठरत नाही.

वाचकहो, अल्लाहचे हक्क तो स्वतः माफ करील, पण माणसाचा हक्क त्या माणसाने माफ केल्याखेरीज फिटत नाही. निवाड्याच्या दिवशी तो ट्रकमालक आपला हिशेब सरकारकडे मागणार नाही, माल लुटणाऱ्या हाताकडे मागेल. आणि भाव पाडणाऱ्याचा हिशेब शेतकरी मागेल. एकाच्या खात्यातील पाप दुसऱ्याच्या खात्यात जात नाही (६:१६४). म्हणून आंदोलनात आपला हात कोणाच्या मालाला लागला असेल, तर त्याला शोधून भरपाई द्यावी. आणि जो दगडाचा निषेध करतो, त्याने शेतकऱ्याच्या बाजूने सत्तेपुढे सत्य बोलण्याचीही तयारी ठेवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अत्याचारी शासकासमोर सत्य बोलण्याला श्रेष्ठ जिहाद म्हटले आहे.

अल्लाह आपल्याला अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ देवो आणि उभे राहताना आपल्या हातून अन्याय होण्यापासून वाचवो. आमीन.