दुसऱ्या साक्षीसाठी

हे प्रभू येशू,

रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला आम्ही आनंदाने उठतो. आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली, अपघातातून वाचलो. मंडळी हालेलूया म्हणते, पाळकसाहेब मान डोलावतात. त्या सगळ्याबद्दल तुझे उपकारच आहेत. पण आज मी दुसऱ्या साक्षीसाठी बळ मागायला आलो आहे. ती वीज केंद्राच्या फाटकावर, कचेरीत, ग्रामसभेत द्यावी लागते आणि तिथे हालेलूया म्हणायला कोणी नसते.

दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र तुला ठाऊक आहे. हतनूर धरणातले तापीचे पाणी इथे येते, वाघिणी भरून कोळसा येतो, पाचपाचशे मेगावॅटचे संच रात्रंदिवस चालतात. वीज तारांवरून दूरच्या शहरांना जाते आणि राख आमच्या तालुक्यात राहते. वेल्हाळ्याच्या तळ्यातली राख सुकली की वाऱ्यावर उठते; पिकावर बसते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, म्हाताऱ्यांच्या छातीत बसते. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हाही कंत्राटी मजूर कामावर असतो. ठेका बदलला की त्याच्या पोटात गोळा येतो: नव्या ठेकेदाराच्या यादीत आपले नाव असेल ना? कायम नोकरीवाल्यांना ही धास्ती नाही. आमच्या मंडळीत दोन्ही प्रकारचे लोक एकाच सतरंजीवर बसतात, प्रभू.

शेवटच्या न्यायाविषयी बोलताना तू कोणाला त्याचे पाठांतर विचारले नाहीस. भुकेल्याचे, तहानेल्याचे, आजाऱ्याचे, कैद्याचे काय केलेस, एवढेच विचारलेस.

पंडिता रमाबाईंना हे कळले होते. दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे केले, हे आम्ही दरवर्षी ऐकतो. 1897 सालचे मात्र कोणी सांगत नाही. पुण्यात प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात बायकांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. सरकारने त्यांचे म्हणणे झिडकारले, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. मला वाटते, त्यांच्या साऱ्या कार्यात हे पत्र सर्वांत महाग होते. तसे पत्र लिहिणारा हात आमच्यातल्या एकाला तरी दे.

आणि प्रभू, आमच्या मदतीत धर्मांतराचा गळ नसू दे. आमच्याच धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ठरला. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला नगरच्या घरी पोटच्या पोरासारखे ठेवले. तो हिंदूच राहिला आणि त्या घराची माया कमी झाली नाही. 1918 साली भादलीला रेल्वेखाली तो गेला. भादली इथून जवळच आहे. ख्रिस्ती माणसाने कोणाला पाण्याचा पेला दिला तरी लोक हेतू शोधतात, असे दिवस आहेत. त्या संशयाला आमच्याकडून खतपाणी मिळू नये आणि त्याच्या भीतीने पेलाही मागे घेतला जाऊ नये.

ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याला मजुराशेजारी बसव. हजेरी, पगाराची पावती, पीएफची कपात हे ज्याला समजते, त्याने ते समजावून सांगावे, आणि ऐकणाऱ्याची जात किंवा धर्म विचारू नये. राखेचे डंपर ताडपत्रीशिवाय धावतात तेव्हा ग्रामसभेत उठून बोलायला आमच्या बहिणींना धीर दे. त्या उठतील तेव्हा आम्हा पुरुषांना त्यांच्या मागे उभे कर. जो साहेब आमच्याच मंडळीत पुढच्या ओळीत बसतो, त्याच्यासमोरही खरे बोलायला लाव. तो साहेब मीच असेन, तर मला ऐकायला लाव.

या आठवड्यापासूनच, प्रभू. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.