‘हिंदुस्थानात कोठेतरी’

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या देशात आलेल्या ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांनी आपल्या विमानांची असंख्य छायाचित्रे काढली. त्यांपैकी पुष्कळशी त्यांच्या घरच्या पेट्यांत पडून राहिली आणि त्यांच्या पश्चात मुलानातवंडांच्या हाती आली. चित्रात विमान असते, पंखाच्या सावलीत चारपाच तरुण उभे असतात, मागे एखादी टेकडी असते. पाठीवर मात्र बहुधा ‘इंडिया’ एवढाच शब्द, नाहीतर ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ अशी मोघम नोंद. युद्धकाळी तळाचे नाव लिहिण्यास मनाई होती आणि सेन्सॉरची कात्री त्यावर हटकून चालत असे. आज ती माणसे बहुतेक हयात नाहीत. अभ्यासू मंडळी ते चित्र नेमके कोठले याचा शोध घेत असतात. वरवर पाहता हा एक निरुपद्रवी छंद. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. जे आपल्याला निश्चित ठाऊक नाही, त्याला नाव देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

हा शोध कसा चालतो ते आधी पाहू. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळचिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवर तांबडा सूर्य रंगवलेला असल्याने दोहोंची गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालण्याचा धोका होता. म्हणून १९४२ पासून पूर्वेकडील युद्धक्षेत्रात तो ठिपका काढून टाकण्यात आला. त्यावरून चित्राचा काळ ढोबळपणे ठरतो. स्थळ ठरते ते बहुधा क्षितिजावरून. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यापायऱ्यांनी रचल्यासारखे दिसतात आणि डोंगराचा माथा सपाट असतो. तशी रांग बंगालच्या सपाटीत मिळायची नाही. कल्याणजवळच्या नेवाळीला युद्धकाळात धावपट्टी बांधली गेली. चित्रात मागे मलंगगडाची ओळखीची कडा दिसली, तर नेवाळीचे नाव मनात येणे साहजिक आहे. पण येथेही फसगत होते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली, तर डावा डोंगर उजवीकडे जातो. विमानावरील अक्षरे उलटी दिसली की हे उघडकीस येते; अक्षरेच दिसत नसतील तर जाणकारही चकतो.

पाठीवर गावाचे नाव लिहिलेले असले म्हणून सारे सुकर होते असेही नाही. ‘सांताक्रूझ’ हे नाव घ्या. पवित्र क्रुसाचे हे नाव पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांनी जगभर पेरले. ते मुंबईत आहे, गोव्यात आहे, कॅलिफोर्नियातही आहे. ‘हैद्राबाद’ म्हणजे दख्खनमधील शहर, की निजामाचे अवघे राज्य, की सिंधमधील हैद्राबाद? १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईत भारतीय टेम्पेस्ट विमाने पुण्याहून निजामाच्या हद्दीत शिरली, तेव्हा आमचे हे सेनगाव तालुक्यातील गोरेगाव त्याच राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आणि एखाद्या वैमानिकाने चित्रामागे ‘गोरेगाव’ असे लिहून ठेवले असेल, तर ते आमचे मुळीच असणार नाही, एवढे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो! ते मुंबईचे असेल, रायगडचे असेल, किंवा गोंदियाकडचे असेल; त्या जिल्ह्यात बिरसी येथे ब्रिटिशांनी युद्धासाठीच विमानतळ बांधला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. संत अगस्तीन यांनी असत्यभाषणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांच्या विवेचनाप्रमाणे फसवण्याचा हेतू असल्याविना असत्यभाषणाचे पाप घडत नाही; जो खरे समजून चुकीचे बोलतो, तो चुकतो, पण खोटे बोलत नाही. सत्य सांगण्याचे टाळणे निराळे आणि असत्य सांगणे निराळे, हा भेदही त्यांनी केला आहे. त्या न्यायाने सेन्सॉरने गावाचे नाव कापले, यात असत्य काही नव्हते. मग चुकीचे नाव देणाऱ्यालाही आपण सहज मोकळे सोडावे काय? येथे संत थॉमस अक्वायनस अधिक कडक आहेत. क्षुल्लक चिन्हांवरून निश्चित निवाडा देणे हा त्यांच्या मते दोष आहे. त्यांनी हे माणसांविषयीच्या संशयासंबंधी लिहिले. परंतु मला ते स्थळांनाही लागू पडते असे वाटते, कारण स्थळाचे नाव शेवटी कोणातरी माणसाविषयी काहीतरी सांगत असते.

स्पॅनिश यादवी युद्धातील, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचे रॉबर्ट कापा यांचे १९३६ सालचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते सेरो मुरियानो येथील, असे अनेक दशके सांगितले गेले. २००९ साली एका स्पॅनिश प्राध्यापकांनी त्याच मालिकेतील इतर चित्रांतील डोंगरांची रेषा जुळवून ते सुमारे पन्नास किलोमीटर दूर असलेल्या एस्पेखो गावाजवळचे असल्याचे दाखवले. एवढ्या अंतराने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडले ते असे, की त्या दिवसांत एस्पेखोला लढाईच चालू नव्हती, असे सांगितले जाते. मग तो सैनिक खरोखर मरत होता की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. गाव बदलले आणि मृत्यूही संशयित झाला.

आपल्याकडे याची धार अधिक तीव्र आहे. नेवाळीची धावपट्टी शेतजमिनीवर झाली. युद्धापुरती घेतलेली आपली जमीन युद्ध संपल्यावर परत मिळायला हवी होती, असे तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाच्या कुंपणभिंतीवरून तेथे मोठे आंदोलन पेटले, जाळपोळ झाली, पोलीस व ग्रामस्थ दोघेही जखमी झाले. त्या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण एखाद्या चित्रात विमानाच्या शेपटामागे भाताची खाचरे दिसत असतील, तर त्या चित्राखाली ‘नेवाळी’ लिहिणे किंवा न लिहिणे ही नुसती हौस उरत नाही. छायाचित्रकाराने विमान टिपले. शेत अनवधानाने आले. कदाचित त्या शेतकऱ्याच्या आज्याच्या जमिनीचे तेवढेच चित्र जगात असेल. सांताक्रूझच्या विमानतळाभोवतीही कोळेकल्याण, सहार, मरोळ ही जुनी ईस्ट इंडियन गावे होती. कोळेकल्याणचे, म्हणजे आजच्या कलिन्याचे, आवर लेडी ऑफ इजिप्त चर्च १६०६ सालचे. विमानांच्या चित्रांत या गावांना जागा नाही, पण धावपट्टी त्यांच्याच शेजारी आहे.

याच्या उलट बाजूला मोह आहे तो दयेचा. दूरदेशीची एखादी वृद्ध कन्या आपल्या पित्याचे चित्र पाठवून विचारते, ‘माझे बाबा येथेच होते ना?’ पुरावा अर्धामुर्धा आहे. ‘होय’ म्हटल्याने तिचे समाधान होईल आणि नुकसान कोणाचेच होणार नाही, असे वाटते. रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला हा मोह परिचित आहे. तरीही मी ‘नाही’ म्हणण्याच्या, किंवा खरे तर ‘बहुधा’ म्हणण्याच्या बाजूचा आहे. कारण ती पित्याची प्रार्थना करताना त्या भूमीचे चित्र डोळ्यांपुढे आणणार आहे; ते आपण कल्पनेने तिच्या हाती द्यावे, हा अधिकार दयेलाही नाही.

मृतांबाबत तर हे अधिकच खरे. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून आसामातील छबुआकडे येणारे एक अमेरिकन बी-२४ विमान आठ जणांसह नाहीसे झाले. २००६ साली त्याचे अवशेष अरुणाचलात दमरो गावाजवळच्या डोंगरात सापडले. त्यांतील एका तरुण अधिकाऱ्याची ओळख पटून २०१७ च्या जूनमध्ये जॉर्जिया राज्यातील त्याच्या गावी दफनविधी झाला. मृतांना मूठमाती देण्यासाठी राजाचा रोष पत्करणारा तोबित आपल्याला जुन्या करारातून ठाऊक आहे. त्र्याहत्तर वर्षांनी झालेले ते दफन त्याच परंपरेतले. जागा कळली म्हणून ते होऊ शकले.

पुण्याजवळ खडकीच्या युद्धसमाधिस्थानात पश्चिम व मध्य भारतातील विखुरलेल्या थडग्यांतून आणलेल्या सोळाशेहून अधिक सैनिकांना विसावा मिळाला आहे. ज्या मृतांची ओळख पटली नाही, त्यांच्या शिळेवर, त्यांना देव ओळखतो अशा आशयाचे शब्द कोरण्याची प्रथा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने पहिल्या महायुद्धापासून पाळली. अंदाजाने एखादे नाव कोरून आईबापांचे समाधान करता आले असते. तसे केले गेले नाही.

वाचकहो, आपल्याही काही घरांत वडील वा आजोबा युद्धकाळात विमानतळावर वा सैन्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्या दिवसांची चित्रे ट्रंकेत आहेत. घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कोणी सांगितले आणि कशावरून सांगितले त्यासह; खात्री नसेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द घालावा. पाठीवरची जुनी शाईची नोंद चुकीची वाटली तरी ती खोडू नये. आपली नोंद तिच्याखाली, तारीख घालून, वेगळी लिहावी.