डहाणूचा मतदार आणि लाटेचा सिद्धांत

२०२७ची जनगणना जाहीर झाली आणि तिच्यामागून मतदारसंघांची फेररचना येणार हे उघड झाले. मार्च २०२५मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री या नात्याने स्टॅलिन यांनी चेन्नईत विरोधी राज्यांची बैठक घेतली, तेव्हापासून देशात एकच वाद गाजतो आहे: लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेला कमी जागा मिळणार का? प्रश्न रास्त आहे. पण या वादाच्या ओघात आपल्याकडचे काही विश्लेषक एक विधान फार सहजपणे करतात आणि मला ते सहन होत नाही. ते म्हणतात, आदिवासी राखीव मतदारसंघांच्या सीमा कशाही आखल्या तरी फरक पडत नाही, कारण तिथला मतदार लाटेबरोबर जातो. पुरावा म्हणून डहाणूचे नाव घेतले जाते. डहाणूतल्या कासा-चारोटीच्या पट्ट्यातल्या माझ्यासारख्या माणसाने या विधानाला उत्तर द्यायलाच हवे.

डहाणू हा लोकसभा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. १९६७ ते २००४ अशा अकरा निवडणुका त्या नावाने झाल्या आणि २००८च्या फेररचनेत तो संपला. आधी त्याचा ताळेबंद मांडतो. १९६७ला काँग्रेसचे यशवंतराव मुकणे, म्हणजे जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. १९७१ला काँग्रेसचेच लक्ष्मण दुमाडा. १९७७ला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम. १९८० ते १९९१ सलग चार वेळा काँग्रेसचे दामोदर शिंगडा. १९९६ला भाजपचे चिंतामण वनगा, १९९८ला काँग्रेसचे शंकर नम, १९९९ला पुन्हा वनगा, २००४ला पुन्हा शिंगडा.

ही यादी राज्याच्या निकालांशेजारी ठेवली तर लाटेचा सिद्धांत मांडणाऱ्यांचे पारडे जड दिसते. १९७१ला इंदिराबाईंचे वारे होते, डहाणू त्यांच्याबरोबर होते. १९९६ला युती जोरात होती, वनगा आले. १९९८ला महाराष्ट्रात काँग्रेस उसळली, नम आले. दुसऱ्याच वर्षी पवारांनी वेगळी चूल मांडली आणि काँग्रेसची मते फुटली, वनगा परतले. १९७७चा निकालही जनता पक्षाच्या वाऱ्याला धरूनच होता, असे कोणी म्हणू शकेल. एवढे मी मान्य करतो. फक्त या मतदाराचा दुसरा हिशेब कोणी उघडत नाही, तो उघडतो.

तोच मतदार विधानसभेला काय करत होता? आधी जव्हार आणि मग डहाणू या मतदारसंघात १९७८पासून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा विळा-हातोडा-तारा बहुतेक वेळा निवडून येत राहिला. काँग्रेस राज्यात बहुमताने आली तेव्हाही आणि युती आली तेव्हाही. २००९ला राजाराम ओझरे आले. २०१४ला भाजपचे पास्कल धनारे आले, तो अपवाद. २०१९ला विनोद निकोले यांनी जागा परत मिळवली. २०२४ला महायुतीने महाराष्ट्रात अभूतपूर्व यश मिळवले, त्या निवडणुकीतही निकोले टिकले. राज्यभर पूर आलेला असताना हा एक मतदारसंघ जागचा हलला नाही. या मतदाराला लाटेवरचा ओंडका म्हणायचे असेल तर २०२४चा हा निकाल आधी समजावून सांगा.

याची मुळे १९४५मध्ये आहेत. गवत कापणीच्या मजुरीसाठी, वेठीविरुद्ध, लग्नासाठी काढलेल्या कर्जात आयुष्यभर अडकणाऱ्या लग्नगड्यांच्या सुटकेसाठी वारली उभे राहिले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात येऊन राहिले. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड पडला. तेव्हा यांपैकी जवळपास कोणालाही मताचा अधिकार नव्हता. म्हणजे इथे संघटना मताच्या आधी आली. पुढे १९५७ला ठाण्याच्या द्विसदस्य मतदारसंघातून शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा हे दोघेही कम्युनिस्ट म्हणून लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर त्यात होताच, पण मातेरांसारख्या आदिवासी माणसाला दिल्लीपर्यंत पोचवणारी वाट आधी पाड्यापाड्यांतून गेली होती.

मग एकाच माणसाची दोन मते कशी? मला वाटते, उत्तर मतदारसंघाच्या आकारात आहे. विधानसभेचा मतदारसंघ कार्यकर्ता पायी पालथा घालू शकतो. पाड्यावर बैठक होते, उमेदवार ओळखीचा असतो, त्याने वनजमिनीच्या दाव्यासाठी तहसीलदाराशी भांडण केलेले लोकांनी पाहिलेले असते. लोकसभेचा मतदारसंघ डहाणूशेजारच्या तलासरीपासून पार दूरच्या तालुक्यांपर्यंत पसरतो. तिथे संघटना पुरत नाही, पैसा आणि पक्षचिन्ह पुरते. मतदार तोच राहतो, पण त्याचे मत ज्या मापात मोजले जाते ते बदलते. म्हणून सीमा कशीही आखा हे विधान खोटे आहे. सीमेनेच ठरते की तलासरीच्या माणसाचे म्हणणे निकालात दिसेल की त्यात बुडून जाईल.

२००८ला नेमके काय झाले ते पाहा. तोवर वसई आणि पालघर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर मुंबईच्या लोकसभा जागेत होते. भाजपचे राम नाईक २००४पर्यंत गोरेगावपासून पालघरपर्यंत प्रतिनिधित्व करत. फेररचनेत वसई-नालासोपारा इकडे जोडले गेले आणि डहाणूचे पालघर झाले. नव्या मतदारसंघात सहा विधानसभा जागा: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या अनुसूचित जमातींसाठी राखीव, नालासोपारा आणि वसई खुल्या. एकट्या नालासोपाऱ्यात पाच लाखांहून अधिक मतदार. डहाणूत त्याच्या निम्म्याच्या आसपास. पहिल्याच निवडणुकीत, २००९ला, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. ही आघाडी वसई-विरारची आहे. त्याच वर्षी काही महिन्यांनी डहाणूने ओझरेंना विधानसभेत पाठवले. २०१८च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या राजेंद्र गावितांनी शिवसेनेच्या श्रीनिवास वनगांवर २९,५७२ मतांनी मात केली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे किरण गहला यांना मिळालेली ७१,८८७ मते त्या गदारोळात कोणाच्या लक्षातही राहिली नाहीत. उमेदवार आदिवासीच असतो, कायदा तेवढे पाहतो. त्याला निवडून कोण आणते हे कायदा पाहत नाही.

इथे ब्रिटिश खासदार एडमंड बर्ककडे वळतो, कारण प्रतिनिधी कोणाला बांधील या प्रश्नावर नेहमी त्याचाच दाखला दिला जातो. १७७४ला ब्रिस्टलच्या मतदारांपुढे त्याने भाषण केले: प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नव्हे, त्याने स्वतःच्या विवेकाने साऱ्या राष्ट्राचे हित पाहावे. ब्रिस्टल हे तेव्हाचे मोठे बंदर, गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले शहर. आयर्लंडवरच्या व्यापारी निर्बंधांबाबत बर्कने तिथल्या व्यापाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध भूमिका घेतली. ती न्याय्य होती, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण १७८०ला ब्रिस्टलमध्ये पराभव दिसू लागताच त्याने माघार घेतली आणि तो माल्टन या जागेवरून संसदेत गेला. माल्टन हे लॉर्ड रॉकिंगहॅमच्या मुठीतले गाव. ज्या विवेकाचे तत्त्व त्याने ब्रिस्टलला सांगितले, तो विवेक पुढे एका जमीनदाराच्या आश्रयाने जगला. राज्यशास्त्राच्या वर्गात १७७४चे भाषण शिकवतात, १७८० गाळतात. माझ्यासाठी १७८० जास्त महत्त्वाचे आहे, कारण प्रतिनिधीचा विवेक कुठल्या जमिनीवर उभा आहे हे त्यातून कळते.

हे सूर्या नदीच्या पाण्यावर तपासून पाहा. धामणीचे धरण आमच्या शेजारी आहे, खाली कवडासचा बंधारा. तिथून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची प्रादेशिक योजना आहे: १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला. शहरातल्या माणसालाही पाणी हवे, त्याला तहानलेला ठेवा असे मी म्हणत नाही. पण वसईचा मतदार आणि कालव्याच्या पाण्यावर शेती करणारा कासा-डहाणूचा शेतकरी यांचा खासदार एकच. पाणी देणारा आणि घेणारा यांच्यात तंटा झाला तर त्या खासदाराचा विवेक कुठे कलेल? बर्कच्या तत्त्वात याला उत्तर नाही. मतांच्या मोजणीत आहे.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात बळकट आक्षेप लोकसंख्येचा आहे. एका माणसाचे एक मत आणि प्रत्येक मताचे मोल सारखे, ही बाबासाहेबांची भूमिका. १८३२पर्यंत इंग्लंडमध्ये ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि मँचेस्टरला एकही नव्हता. पुढे तशाच अन्यायाविरुद्ध चार्टिस्टांच्या कामगार चळवळीने समान मतदारसंघ मागितले. डोंगराला जास्त वजन द्या म्हणणारा मीही ओल्ड सॅरमच मागतो आहे का? नाही. ओल्ड सॅरममध्ये माणसेच नव्हती, जमीनदार होता. आणि आपल्या व्यवस्थेने असमान मापे आधीच स्वीकारली आहेत: लक्षद्वीपच्या साठ हजारांहून कमी मतदारांना एक खासदार, मलकाजगिरीच्या तीस लाखांहून अधिक मतदारांनाही एकच. पण मी आकड्यात सवलतही मागत नाही. तेवढ्याच लोकसंख्येची जागा वेगळ्या तुकड्यांतून जोडा, एवढेच म्हणणे आहे.

जुने डहाणू परत आणा, अशी माझी सुरुवातीची भावना होती. लिहिता लिहिता ती उरली नाही. धामणीचे धरण जुन्या मतदारसंघाच्याच काळातले आहे. डहाणूची किनारपट्टी वाचवणारी जून १९९१ची अधिसूचना आणि १९९६चे डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण यांमागे खासदारांपेक्षा नागरिकांचा लढा आणि सर्वोच्च न्यायालय होते. त्याच प्राधिकरणाने १९९८ला वाढवण बंदर नाकारले, २०२३ला संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ला भूमिपूजन झाले. नुसती रेषा बदलून आवाज मिळत नाही. पण उभी असलेली संघटना रेषा बदलून दुबळी करता येते, हे २००८ने दाखवले.

२००२च्या परिसीमन कायद्यातच लिहिले आहे की मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या एकसंध असावा, भूरचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, आणि जमातींच्या राखीव जागा त्यांचे प्रमाण जास्त असेल तिथे असाव्यात. पुढचा कायदा झाला, मसुदा निघाला आणि हरकती मागवल्या की डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा आणि शहापूर यांची सलग राखीव जागा मागणारा अर्ज कासा भागातल्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवावा, आणि वसई-नालासोपाऱ्याने आपली स्वतंत्र खुली जागा मागावी. सहयोगी सदस्य म्हणून आमदार-खासदार आयोगाबरोबर बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. तेव्हा त्यांच्यावर विसंबू नये. हा ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात आजपासूनच यायला हवा.