गृहत्याग आणि घराचा निरोप

गेल्या फाल्गुनात एका वासनिक बाईंनी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या बोलण्यातील वऱ्हाडी वळण सोडून तो असा मांडता येईल : "बाबा, आपल्या मार्गात वास्तुशांती नाही, उंबरठ्याची पूजा नाही, वास्तुदेवतेपुढे नारळ नाही. मग ज्या घरात बेचाळीस वर्षे संसार केला, ते घर कायमचे सोडून जाताना आपण करावे तरी काय?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व परस्परांहून भिन्न आहेत. देवता आपापल्या परीने फळ देतात, परंतु मोक्षदान हे एका परमेश्वराचेच कार्य आहे. म्हणून अनन्य भक्ती त्याचीच करावी आणि वास्तुदेवतेच्या पूजनात पडू नये. एवढे सांगून मी थांबलो. बाईंनी नम्रपणे मान डोलावली, परंतु त्यांचे समाधान झाले नाही हे उघड दिसत होते. काय करू नये, हे त्यांनी विचारलेच नव्हते. ते त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि मी निषेध सांगून विधीला बगल दिली होती. अशी बगल आम्ही भिक्षुक मंडळी पुष्कळदा देतो.

बगल देण्याला आणखी एक कारण होते, आणि ते लपवून हा लेख लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या बाई माझ्या पूर्वाश्रमीच्या वहिनी, आणि ते घर म्हणजे मी ज्यात जन्मलो ते घर.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आमचे गाव आहे. विहिरींचे पाणी मचूळ आणि जमीन काळी. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते आणि वरच्या भिंतींना तडे देते. अशा भूमीवर मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर चार पिढ्या उभे राहते, ते आपोआप राहत नाही. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या फळ्या व काड्यांचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. दरवर्षी मृगापूर्वी धाब्यावर खारी माती पसरून ती चोपून बसवावी लागते. एक वर्ष चुकले की पुढच्या श्रावणात ओसरीवर पातेली मांडून बसावे लागते. भिंती पांढऱ्या मातीने लिंपायच्या, जमीन शेणाने सारवायची. वडील हयात होते तोवर त्यांनी हे केले, पुढे थोरल्या बंधूंनी केले. मी एकविसाव्या वर्षी घर सोडून अनुसरलो. त्यानंतरच्या चौतीस वर्षांत त्या धाब्यावर मी मातीची एक पाटीही नेली नाही.

आता बंधूंचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. एक मुलगा पुण्यास, दुसरा नागपुरास. धाब्याचे काम जाणणारा मजूर गावात उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री मागची भिंत बसली आणि नागपूरला मुलाकडे राहण्यास जाण्याचे ठरले. शेजाऱ्याने जागा घेतली. तो जुने घर पाडून सिमेंटचे बांधणार. सागवान लाकडाच्या व्यापाऱ्याने वेगळे ठरवून घेतले. जुन्या सागाला मोल आहे, मातीला नाही, असे तो म्हणाला. व्यापाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरेच आहे.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही गावातील कोणत्याही घराची असू शकेल. माझ्यापुरता तिला जो वळसा मिळाला तो एका कागदाने. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये असते. वडिलांच्या देहावसानानंतर त्या नोंदीत वारसांची नावे लागली : बंधू, दोघी बहिणी आणि मी. मला याची वार्ताही नव्हती. प्राचीन धर्मशास्त्राने गृहत्यागी संन्याशाला वारशाच्या बाबतीत मृतवत मानले आहे. ग्रामपंचायतीच्या वहीत मात्र मी जिवंत होतो, आणि चौथ्या हिश्श्याचा धनी होतो. विक्रीपूर्वी मला हक्कसोडपत्र करून द्यावे लागणार होते. ते पूर्वाश्रमीच्या नावाने. त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र : पूर्वीचे अमुक नाव आणि हल्लीचे अमुक नाव ही एकाच व्यक्तीची आहेत.

वाचकांनी क्षणभर याचा विचार करावा. दीक्षेच्या दिवशी जो मागे राहिला असे मी मानले, तो आणि मी एकच आहोत हे मला शपथेवर लिहून द्यावे लागले. तेव्हा कोठे चौतीस वर्षांपूर्वी सोडलेले घर मला कायद्याने सोडता आले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही करताना माझा हात थबकला. जुनी सही आठवेना, असे मी तेथे सांगितले. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते.

काय थबकले, याचा शोध मी त्यानंतर बरेच दिवस घेत होतो. द्रव्याचा लोभ नव्हता; तो हिस्सा किती रुपयांचा होतो हे मी विचारलेही नाही. परत जाऊन राहण्याची इच्छाही नव्हती. परंतु अटनात आजारी पडून एखाद्या गावच्या देवळाच्या ओवरीत रात्र काढताना, किंवा मठात वडीलधाऱ्यांनी रागावून बोलल्यावर, माझे मन न विचारता त्या ओसरीवर जाऊन बसत असे. उजवीकडे दुसरा खांब, त्याला टेकून. मी तेथे कधीच गेलो नाही, पण जाता येईल हे मनाला ठाऊक असे. सावकाराकडे जसे तारण ठेवतात, तसे ते घर माझ्या वैराग्याचे तारण होते. तारण सोडवून घेण्याची वेळ आली नाही म्हणून ते नव्हते असे कसे म्हणावे?

स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांचा संबंध सोडावा आणि त्यातही संबंधीजनांचा विशेषत्वाने सोडावा, ही सर्वज्ञांची आज्ञा आपल्यापैकी प्रत्येक भिक्षुकाला मुखोद्गत आहे. तिचा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तो असा : स्वतःच्या गावात भिक्षुक हा भिक्षुक राहत नाही, तो अमक्याचा मुलगा आणि तमक्याचा भाऊ असतो. त्याच्या झोळीत पडते ती भिक्षा नसते, नात्याचा घास असतो. देश दूर केला की सवय तुटते, गाव दूर केले की ओळख तुटते, परंतु माणूस मागून हाक मारीत येतो, म्हणून तिसऱ्याविषयी विशेष सावधगिरी. हा अर्थ बरोबरच आहे. पण तो अंतराचा अर्थ आहे, आणि अंतर हे पायांनी साधते. मी पायांनी ही आज्ञा पाळली. हे सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवावी की स्वदेश सोडण्यास सांगणाऱ्या स्वामींनीच महाराष्ट्रात राहण्याचीही आज्ञा दिली आहे. अंतर हेच साध्य असते तर महाराष्ट्राबाहेर जितके दूर जावे तितके बरे झाले असते. तोडावयाचा आहे तो भूमीशी असलेला 'माझी' हा संबंध. भूमी पायाखाली राहणारच. श्रीचक्रधर स्वामींनी रामयात्रेच्या निमित्ताने भडोचचे प्रधानाघरचे ऐश्वर्य मागे टाकले, ते रामटेकच्या वाटेवर एखादा विसावा हाताशी ठेवून नव्हे.

सही झाल्यावर बाहेर लिंबाच्या सावलीत बंधूंना मी हे सांगितले. संन्यास घेतल्यापासून ते मला 'बाबा' म्हणतात, आधी दंडवत करतात आणि 'तुम्ही' म्हणून बोलतात. वयाने आठ वर्षांनी मोठे असूनही त्यात कधी खंड पडला नाही. त्या दिवशी मात्र ते एकदम म्हणाले, "तू गेला तेव्हा घर उभं होतं ना. घर उभं होतं म्हणून तुले जाता आलं." आणि लगेच ओशाळून त्यांनी हात जोडले.

मी त्यांना थांबवले, कारण ते चुकलेले नव्हते. मी गेलो तेव्हा आईवडील होते, त्यांना पाहणारे बंधू होते, सारवणारी वहिनी होती. माझ्या त्यागाचा खर्च त्यांनी चौतीस वर्षे भरला, आणि माझे दर्शन घेताना स्वतःला प्रपंचात अडकलेले म्हणून कमी लेखले. वासनिक हा भिक्षुकाच्या एक पायरी खाली, असे आपण रचनेच्या सोयीसाठी मानतो. ती सोय आहे, हे विसरता कामा नये. ज्याने धाब्यावर माती चढवली त्याला ते धाबे उतरताना पाहावे लागणार होते. मी जे सोडले ते सोडल्यावरही शाबूत होते. ते सोडीत होते ते दुसऱ्या दिवशी असणार नव्हते. या दोहोंत त्याग कोणता अधिक, याचा निवाडा मी करीत नाही. पण मी यापूर्वी तो न विचारताच माझ्या बाजूने करून टाकला होता.

आता एक शंका कोणीही घेईल. आपणच तर स्थानांना नमस्कार करतो. स्वामी जेथे राहिले, जेथे एक रात्र वसले, जेथे क्षणभर बसले, तेथे ओटा बांधून त्याला दंडवत घालतो. स्थानपोथीत द्वार कोणत्या दिशेला, विहीर कोठे, पटांगण कोठे, हे पुढच्या पिढ्यांसाठी नोंदलेले आहे. लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी माणसे शोधून लीळा मिळवल्या, तीच स्मरणाची निष्ठा तेथेही आहे. मग मातीच्या घराला जीव लावणे वाईट कसे? वहिनींनी हेही विचारले होते. बंधूंनी तर जरा भीतभीतच सुचवले की आपल्या घराचेही असे काही लिहून ठेवावे.

यावर मला जे वाटते ते सांगतो. विद्वानांनी ते तपासावे. स्थानांपैकी कितीतरी ही साध्यासुध्या लोकांची घरे होती, देवळांचे सोपे होते, झाडांची सावली होती. त्यांचे धनी कोण होते, ते घर कोणाच्या वाटणीस गेले, याची आपल्याला गरज वाटली नाही. तेथे परमेश्वराचा संबंध झाला, एवढ्याने ती वंद्य झाली. म्हणजे ज्या क्षणी ते घर स्थान झाले, त्या क्षणी ते कोणाचे 'माझे' उरले नाही. आपल्या घराविषयीचा जिव्हाळा याच्या उलट दिशेने चालतो : येथे मी जन्मलो, येथे माझी आई बसत असे. त्या जिव्हाळ्याला स्थानवंदनाचा वेश चढवू नये. म्हणून बंधूंची सूचना मी मान्य केली नाही. परंतु तो जिव्हाळा पाप आहे असेही मी म्हणणार नाही. त्यात दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात, ममत्व आणि कृतज्ञता. ममत्वाला वस्तू राहायला हवी असते. कृतज्ञतेला ती राहिली नाही तरी चालते, कारण तिचे देणे माणसांना, श्रमांना आणि शेवटी ज्याच्या कृपेने निवारा लाभला त्याला असते. कोणता धागा कोणता, हे घर उभे असेतोवर कळत नाही.

वैशाखात घर रिकामे करण्याचा दिवस ठरला. मी जावे की नाही? मठातील वडीलधाऱ्या महात्म्यांना विचारले. ते म्हणाले, "जा, पण पाहुणा होऊन जेवू नकोस." त्याप्रमाणे गावात दोन घरी भिक्षा घेऊन तिसरे घर म्हणून त्या दारात उभा राहिलो. वहिनींनी अर्धी भाकर झोळीत घातली. इतर भिक्षुकांना घालतात तितकीच. त्यांनी अधिक घातली असती तर मी काय केले असते, ते मला सांगता येत नाही.

ओसरीच्या तुळईच्या कोपऱ्यात चिमण्यांचे घरटे होते. पिल्ले उडून जाईपर्यंत त्या बाजूला हात लावणार नाही, असे शेजाऱ्याने कबूल केले होते, आणि व्यापाऱ्यालाही थोपवून धरले होते. तो मार्गाचा नाही, परंतु या बाबतीत त्याला काही समजावून सांगावे लागले नाही.

सामान सकाळीच गेले होते. देवपूजा आधी न्यावी असे माझे मत होते, शेवटी न्यावी असे बंधूंचे. त्यांचे ऐकले. सर्वांनी देवघरापुढे बसून पंचकृष्णांचे नामस्मरण केले, विशेषांना वंदन केले, आणि बंधूंनी देवपूजा दोन्ही हातांत घेऊन उंबरठा ओलांडला. मागे पाहिले नाही. त्या घरात जे कधीच घराचे नव्हते तेवढे घेऊन ते बाहेर पडले. मला वाटले, झाले.

वहिनी मात्र आतच होत्या. त्यांनी पदर खोचला होता, शेण कालवले होते, आणि माजघराच्या आतल्या भिंतीपासून सारवायला सुरुवात केली होती. दोन दिवसांनी जे पाडले जाणार ते घर. पुतण्याने बाहेरून हाक मारली, गाडीची वेळ सांगितली. मी दाराशी जाऊन विचारले, "वहिनी, हे आता कशासाठी?" चौतीस वर्षांत मी त्यांना त्या नात्याने हाक मारली नव्हती. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, "घर तसंच घाण टाकून कसं जावं, बाबा?"

मागे सरकत, एकेक हात फिरवीत त्या माजघरातून ओसरीवर आल्या, ओसरीवरून उंबरठ्याशी, आणि शेवटचा हात उंबरठ्याच्या आत फिरवून बाहेर उतरल्या. ओल्यावर पाय पडू नये म्हणून जमीन वाळेपर्यंत आम्ही सर्वजण अंगणात उभे होतो. शेजारीही किल्लीसाठी आला होता, तोही थांबला.