राखण

दक्षिण कोकणात वेंगुर्ल्याच्या बाजूस माझ्या चुलतभावाची लहानशी वाडी आहे. घराभोवती नारळ-सुपारी, वर सड्याच्या अंगाला काजू, आणि अंगणालगत भेंडी, पडवळ, रताळी. गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत मी तेथे चार दिवस राहिलो. एका संध्याकाळी पडवीत बसलो असताना त्याने मला विचारले, "दादा, पंपाच्या खोलीतून एक तार ओढून कुंपणाच्या तारेला जोडली की डुकरांचा प्रश्न एका रात्रीत मिटतो, असे सगळे सांगतात. जोडू का? त्यात पाप आहे का?"

शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याची बरीच वर्षे घालवूनही मला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच मी म्हणालो. तो विचार मी आज वाचकांपुढे ठेवत आहे.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने रानडुकरालाही संरक्षण दिले आहे, आणि परवानगीवाचून त्याला मारणे हा गुन्हा आहे. परंतु माझा भाऊ कायदा विचारत नव्हता. मंडळीत वर्षानुवर्षे सेवा केलेला तो मनुष्य परमेश्वरासमोर आपण कोठे उभे आहोत, हे विचारत होता.

वाचकहो, त्याला निर्दय ठरवण्याची घाई आपण करू नये. लाल तोंडाच्या माकडांची टोळी सकाळी वाडीत उतरते आणि कोवळी शहाळी ओरबाडून टाकते. खाते एक, नासते दहा. रात्री डुकरे येतात आणि रताळ्यांचा वाफा असा उकरून जातात, की नांगर फिरवला आहे असे वाटावे. बुजगावणे झाले, जुन्या साड्यांचे कुंपण झाले, पत्र्याचे डबे झाले, गोफण झाली. चार दिवस जनावर बिचकते, पाचव्या दिवशी त्याला कळते की साडीच्या आत माणूस नाही. घाटात गाडी थांबवून माकडांना केळी चारणाऱ्या आपल्यासारख्या शहरवासीयांची दया स्वस्त असते. माणसाच्या हातात अन्न असते हे त्या केळ्यांनी शिकवलेली टोळी पुढे ज्याच्या परसात उतरते, तो त्या दयेची किंमत मोजतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की कुंपण घालणे मुळात योग्य आहे काय? मला वाटते शास्त्राचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. एदेनाच्या कथेत बागेसाठी जो 'गान' हा इब्री शब्द आहे, त्याचे मूळ आच्छादणे, वेढून संरक्षण करणे या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे कुंपणाची कल्पना बागेच्या नावातच आहे. आणि मनुष्याला त्या बागेत ठेवले ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण (उत्पत्ती २:१५). कोणापासून राखण, हे तेथे सांगितलेले नाही. पुढच्याच अध्यायात आत शिरणारा प्राणी कोणता होता हे आपण जाणतो. राखणीत कसूर झाली ती तेथे. द्राक्षमळ्याचे कुंपण मोडणे हे संदेष्ट्याच्या तोंडी न्यायदंडाचे चित्र आहे (यशया ५:५), आणि ऐंशीव्या स्तोत्रात तर मोडलेल्या कुंपणातून शिरून वेल उद्ध्वस्त करणारे रानडुक्करच आहे. माझ्या भावाचे दुःख पवित्र शास्त्राला अनोळखी नाही. गीतरत्नातील मळा नासवणाऱ्या प्राण्याला कोल्हा म्हणावे की खोकड, यावर आम्ही भाषांतरकार वाद घालतो. मळेवाल्याला त्या वादाचे फारसे अगत्य असणार नाही.

राखणीसाठी योजलेला इब्री शब्द 'शामार'. मराठीत त्याला 'राखणे' हा जितका चपखल बसतो तितका दुसरा शब्द मला सापडलेला नाही, आणि त्याचे एक कारण असे, की मराठी शब्दाला दोन अंगे आहेत. आपण शेत राखतो. आणि घरी उशिरा येणाऱ्यासाठी दोन भाकऱ्या राखूनही ठेवतो. एका राखण्यात दुसऱ्याला बाहेर ठेवणे आहे, तर दुसऱ्यात दुसऱ्यासाठी ठेवणे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात ही दोन्ही अंगे एकत्र आलेली दिसतात. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, म्हणजे गोरगरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून जे उरेल ते रानातील जनावरांनी खावे (निर्गम २३:११). रानातील जनावर येथे प्रसंगाने आलेले नाही. जेवणाऱ्यांच्या रांगेत त्याचे नाव आहे, मग ते शेवटचे का असेना. ज्याने कुंपणाला मान्यता दिली त्यानेच हेही लिहवून ठेवले. एकशे चाराव्या स्तोत्रात हीच वाटणी काळाच्या अंगाने आली आहे: रात्र वनपशूंची, सूर्य उगवला की ते आपल्या गुहांत परततात आणि मनुष्य कामाला बाहेर पडतो. सिंहाचे छावे तेथे आपले अन्न देवाजवळ मागतात, हे विसरून चालणार नाही. ज्याच्याजवळ आपण रोजची भाकर मागतो, त्याच्याच दारात तेही उभे आहेत.

आता त्या तारेकडे येऊ. सौर कुंपणाच्या यंत्रातून साधारण सेकंदाला एकदा, क्षणार्धाचा झटका येतो. जनावर दचकते, मागे फिरते आणि जिवंत राहते. घरातील २३० व्होल्टांचा प्रवाह अखंड असतो. त्याने स्नायू आखडतात, धरलेला हात सुटत नाही. शिवाय तार काही ओळखत नाही. पहाटे काजूच्या बिया वेचायला येणारी बाई, चेंडू शोधत आलेले पोर, सुटलेले वासरू आणि डुक्कर यांत तिला फरक नाही. विदर्भातील शेतांत अशा तारांनी माणसेही गेली आहेत, वाघही गेले आहेत. २०२० च्या मे महिन्यात केरळच्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण जबडा फुटलेल्या स्थितीत नदीच्या पाण्यात उभी राहिली आणि तेथेच मेली, हे आपणांस आठवत असेल. असे सापळे त्या भागात बहुधा रानडुकरांसाठी लावले जातात. लावणाऱ्याच्या मनात हत्तीण नव्हती, असे म्हणता येईल. पण राखणदार झोपी गेला आणि आपल्या जागी मृत्यूला पहाऱ्यावर बसवून गेला, तर त्याला राखण म्हणावे काय? राखणीत डोळे उघडे असावे लागतात. माळ्यावर रात्रभर जागणाऱ्या माणसाला पाऊल वाजले की प्रथम ऐकावे लागते, हे कोणाचे पाऊल?

हे सर्व मी दुसऱ्या दिवशी भावाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "खरे आहे. पण माळ्यावर तू बसत नाहीस." मी निरुत्तर झालो. थोड्या वेळाने, विषय बदलावा म्हणून मी विचारले, "ही डुकरे दिवसा राहतात तरी कोठे?" त्याने तोंडाने काही सांगितले नाही. त्याची नजर गडग्यापलीकडे गेली.

गडग्यापलीकडची वाडी माझी आहे. वडिलांच्या वाटणीची. वडील गेल्यावर ते घर बंद झाले, त्याला अकरा वर्षे झाली. दरवर्षी मी कौले शाकारण्याची गोष्ट काढतो आणि दरवर्षी ती राहते. करवंदीची जाळी, घाणेरी आणि पुरुषभर गवत यांनी अंगण गिळले आहे. परसातील फणस खाली पडून कुजतात आणि त्यांच्या वासावर जनावरे येतात. चार वर्षे माझा भाऊ हे पाहत होता, आणि वडीलकीचा मान राखून बोलला नव्हता.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात एक विलक्षण वाक्य आहे. भाषांतर करताना मी त्यावरून कितीदा गेलो असेन! तेथील लोकांना एका वर्षात हाकलून देणार नाही, असे परमेश्वर सांगतो; कारण मग देश ओसाड पडेल आणि वनपशू वाढून तुम्हांलाच जड जातील. मूळ प्रसंग देश जिंकण्याचा आहे, आणि त्याचे ओझे मी येथे हलके करू पाहत नाही. मला थांबवले ते त्या कारणाने: माणसे उठून गेलेल्या जागेची राखण आपोआप होत नाही, ती रानाकडे जाते. मुंबई, बडोदा, इंदूर, हैदराबाद येथे हे वाचणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची गावाकडची घरे अशीच बंद आहेत. आपण तेथे कोणाचे काही बिघडवत नाही, असे आपल्याला वाटते.

'शामार' हा धातू उत्पत्तीच्या आरंभीच्या अध्यायांत आणखी दोनदा येतो, आणि तो दुवा भाषांतरात सहसा दिसत नाही याची मला खंत आहे. बागेतून घालवल्यावर जीवनाच्या झाडाची वाट राखण्यास करूब ठेवले, तेथे तोच शब्द आहे (३:२४). राखणदारच कुंपणाबाहेर गेला. दुसऱ्याच्या मळ्याकडे भुकेने पाहणे म्हणजे काय, हे आदामाची संतती जाणते. आणि काइनाने देवाला उलट प्रश्न केला, तेथेही राखणदार या अर्थी 'शोमेर' हेच त्याचे रूप आहे (४:९). बाग राखण्याचा आणि भाऊ राखण्याचा शब्द एकच आहे. मी तो प्रश्न काइनाचा म्हणून अनेकदा शिकवला होता. त्या पडवीत तो मला माझा म्हणून ऐकू आला.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो. दोन गडी लावून माझी वाडी साफ केली. जाळीच्या आत डुकरिणीने गवत अंथरून केलेली, अजून उबदार वाटावी अशी जागा सापडली. पिले मात्र निघून गेली होती. पडलेले फणस पुरले, छपरावर लोंबणाऱ्या फांद्या तोडल्या. भावाच्या आणि माझ्या वाडीला मिळून सौर कुंपण घ्यायचे ठरले. खर्चाचा मोठा वाटा माझा, हे मी आग्रहाने कबूल करून घेतले. माकडांवर त्याचा उपयोग थोडाच, कारण ती झाडांवरून येतात. ती राखण डोळ्यांनी आणि डब्यांनीच करावी लागणार.

एका गोष्टीवर आमचे अजून जमलेले नाही. खाली व्हाळाच्या कडेला, माझ्याच हद्दीत, जांभळी आणि उंबर असलेला एक पट्टा मी तोडू दिला नाही आणि कुंपणही त्याच्या अलीकडूनच आखले. भावाचे म्हणणे असे, की तेवढाही कापायला हवा होता. डुकरे तेथेच बसतील. कदाचित बसतील. पावसापूर्वी निघताना मी तो पट्टा पाहायला गेलो, तेव्हा ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, आणि ते अद्याप व्हाळाच्या पलीकडेच वळत होते. भाऊ माझ्या मागे उभा होता. "या वर्षी राहू दे," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू."