विष पदार्थात की संयोगात?

कार्य कारणात आधीपासूनच असते हा सांख्यांचा सत्कार्यवाद आणि कार्य ही पूर्वी नसलेल्या वस्तूची उत्पत्ती असते हा न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद, यांतील वाद विषाच्या प्रश्नावर आजही तितकाच मोलाचा ठरतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेल्या मशेरीत बेंझोपायरीन हे द्रव्य असते. ते एकटे जिवाणूंवर टाकले तर डीएनएत कायमचा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, घडवत नाही. मात्र सायटोक्रोम पी-450 गटातील विकरे, जी परकी द्रव्ये शरीराबाहेर टाकता यावीत म्हणून त्यांना ऑक्सिजन जोडतात, ती त्याचे रूपांतर डीएनएला चिकटणाऱ्या द्रव्यात करतात. यालाच चयापचयी सक्रियण म्हणतात, आणि म्हणूनच ब्रूस एम्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या जिवाणू-चाचणीत ही विकरे असलेला यकृताचा अर्क मिसळला जातो.

हे सक्रियण अडवता येते काय? हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील नागभूषण, आमोणकर आणि भिडे यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मशेरीचा अर्क व बेंझोपायरीन यांची उत्परिवर्तकता कर्क्युमिनने घटते, परंतु यकृताच्या अर्काशिवायच घात करणाऱ्या सोडियम अझाइडवर त्याचा परिणाम होत नाही. हा निष्कर्ष परीक्षानळीतला असल्याने त्यावरून हळदीला औषध ठरवता येत नाही. पण बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांचा घात त्यांच्यात साठवलेला नसून घडत जातो आणि घडताना अडवताही येतो, एवढे त्यातून सूचित होते.

मग दोष शरीराचा मानावा काय? याचे उत्तर रासायनिक प्रतिमान देते. विकराच्या गाभ्यातील लोहयुक्त वलयासारखे लोह-पॉर्फिरिन आणि एखादे ऑक्सिडीकारक एवढ्यावरच, यकृताशिवाय, नायट्रोसामाइन गटातील काही द्रव्ये उत्परिवर्तक बनतात. म्हणजे जिथे जीव नाही, हेतू नाही आणि पूर्वकर्मही नाही, तिथेही योग्य कारणे एकत्र आली की तेच कार्य घडते. येथे असत्कार्यवादाचे पारडे जड होते, कारण विष संयोगात नव्याने उपजते. त्यामुळे रोग्याच्या प्रकृतीला किंवा प्रारब्धाला बोल लावणे तर्काला धरून नाही आणि न्यायालाही नाही. कारणांच्या या साखळीत यकृताला निवड नसते. ती असते मशेरी विकणाऱ्याला, तिचे परिणाम माहीत असूनही गप्प राहणाऱ्याला आणि ती लेकीच्या हाती देणाऱ्या घराला, म्हणून जबाबदारीही तिथेच शोधली पाहिजे.